विस्तव आणि हयगय

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहाता हें गांव आहे. पेरूच्या बागा आणि उंसाचे मळे यांच्यामधून जाणारा हा रस्ता क्षणभरहि मोकळा नसतो. शिर्डीचे यात्रेकरू, कारखान्याकडे ऊंस वाहाणाऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर, मनमाडजवळ पानेवाडीच्या साठ्यांतून तेल भरून निघालेले टँकर, अशी मिश्र रांग त्यावरून अहोरात्र चाललेली असते. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं, आजूबाजूच्या मोकळ्या रानांत ऊंसतोडीच्या मजुरांच्या कोप्या उभ्या राहातात. कळकाच्या कांबी वाकवाव्या, वर चटई नाहीं तर पाचट घालावें, कीं झालें घर. दाराशीं तीन दगडांची चूल, चुलीपासून चार पावलांवर बैल आणि त्यांचें वाढें, आणि भोंवतीं जिकडे तिकडे वाळलेलें पाचट पसरलेलें. अशाच एका कोपीपुढें एके संध्याकाळीं आम्हीं एक म्हातारी पाहिली. भाकरी झाल्यावर तिनें चुलींतलीं जळकीं लाकडें ओढून बाहेर काढलीं, त्यांवर पाणी मारलें, उरलेल्या निखाऱ्यांवर राख लोटली, राखेवर एक फुटकें घमेलें पालथें घातलें, आणि मगच ती जेवावयास बसली. शेजारीं ताटकळलेला नातू म्हणाला, "आजी, इझलंय की समदं!" त्यावर ती इतकेंच म्हणाली, "वारं काय सांगून सुटतंय व्हय, बाबा?"

प्रसंग अगदीं क्षुल्लक. परंतु त्यानें आमच्या मनांत एक प्रश्न उभा केला. आग लागली, दारूचा भडका उडाला, 'रिकामी' समजलेली बंदूक सुटली, म्हणजे आपण दोहोंपैकीं एक उत्तर देऊन मोकळे होतों. एक, दैवांत होतें तसें झालें. दुसरें, कोणा अडाण्यानें बिडी टाकली. दोन्ही उत्तरें सोयीचीं आहेत, कारण दोहोंतहि आपल्या वांट्यास कांहीं येत नाहीं. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. ठिणगी लहान माणसाच्या हातून पडत असेल. परंतु जेथें ठिणगी पडेल तेथें गवत रचून ठेवण्याचें काम पुष्कळदां मोठ्या हातांनीं झालेलें असतें. आणि मोठ्या हातांची हयगय दिसत नाहीं, याचें कारण ती एका हाताची नसते. ती अनेकांत वांटलेली असते. हें आमचें म्हणणें आम्ही महाराष्ट्राच्याच इतिहासांतील कांहीं प्रकरणांवरून वाचकांपुढें ठेवणार आहों.

शिवाजी महाराजांचीं जीं पत्रें उपलब्ध आहेत, त्यांत चिपळुणाकडे छावणीस राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस धाडलेलें एक पत्र सुप्रसिद्ध आहे. तें राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, सुमाराचें आहे. रयतेच्या भाजीपाल्यासहि हात लावूं नये, ही त्यांतील ताकीद शाळकरी मुलांस देखील ठाऊक असते. त्याच पत्रांतील आगीविषयींच्या भागाकडे मात्र लोकांचें लक्ष कमी जातें. पावसाळा तोंडावर आलेला, घोडीं पागेंत बांधलेलीं, त्यांच्यासाठीं मोठ्या प्रयत्नानें दाणा, गवत व निवाऱ्याचे खण जमविलेले. एवढी सामुग्री एका चुकीनें जाईल, ही धास्ती त्या पत्रांत ओळीओळीला दिसते. ही चूक कोणकोणत्या वाटांनीं येईल, याची यादीच महाराज देतात. कोणी थंडीवाऱ्यासाठीं शेकोटी करील, कोणी भलत्याच जागीं चूल मांडील, कोणी तमाखूसाठीं विस्तव नेईल. जवळ गवत पडलें आहे, वारा सुटला आहे, याचें भान कोणास राहाणार नाहीं. रात्रीं दिवा तसाच जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका खणास आग लागली कीं सर्व खण जातील, एका गंजीस लागली कीं सर्व गंज्या जातील; आणि मग पावसाळ्यांत घोडीं कशानें जगवावीं?

राज्य उभारण्याच्या धामधुमींत असलेला राजा उंदराच्या तोंडांतील वातीचा विचार करतो, याचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे, व तें यथार्थच आहे. परंतु आमच्या मतें त्या पत्रांतील दोन गोष्टी याहूनहि अधिक मोलाच्या आहेत. पहिली ही कीं, तें पत्र शिपायांस लिहिलेलें नाहीं. शिपायांवर नेमलेल्या अंमलदारांस लिहिलेलें आहे. तमाखू ओढणारा शिपाई. पण जाब जुमलेदारानें द्यावयाचा. चूल भलत्या जागीं मांडणारा दुसराच कोणी. पण ती जागा कोणती असावी हें ठरविण्याचें काम कारकुनाचें. दुसरी गोष्ट अशी कीं, मागाहून केलेल्या शिक्षेवर महाराजांचा भरंवसा नाहीं. सर्व जळून गेल्यावर कांहीं कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांस कितीहि ताकीद केली, तरी खण बांधावयास एक लाकूड परत मिळणार नाहीं, अशा अर्थाचें वाक्य त्या पत्रांत आहे. शिक्षेचा हेतु न्याय असेल, सूड असेल, धाक असेल. पण जळालेलें गवत ती परत आणीत नाहीं. विस्तवाच्या बाबतींत जें करावयाचें तें आधीं करावें लागतें, हें तत्त्व यापेक्षां थोडक्यांत कोणीं सांगितलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हीच दृष्टि पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त शास्त्राच्या रूपानें आढळते. अठराव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या या ग्रंथांत किल्ल्यावरील दारूखान्याविषयीं जे नियम आहेत, ते आजच्या कोणत्याहि सरकारी नियमावलींत शोभतील. दारूखाना राहत्या घराजवळ तर नसावाच, पण घरावरून येणारा वारा त्याकडे जाईल अशा बाजूसहि नसावा. त्याभोंवतीं झाडें लावून कांटेबंदी करावी. आंत तळघर करून गच्ची बांधावी, आणि दारूचीं मडकीं जमिनीवर न ठेवतां माचावर ठेवावीं, म्हणजे त्यांस ओल लागणार नाहीं. बाण वगैरे निराळ्या जागीं असावे. आठां-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन माल बाहेर काढावा, उन्हांत वाळवावा आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. रात्रंदिवस पाहारा असावा, आणि परवानगीवांचून कोणासहि जवळ फिरकूं देऊं नये. यांतील प्रत्येक नियमाच्या मागें एखादा जळलेला दारूखाना उभा असावा, असें तो भाग वाचतांना वाटल्यावांचून राहात नाहीं. विशेषतः वाऱ्याची दिशा पाहाण्याचा नियम पाहावा. वर सांगितलेल्या म्हातारीचें आणि अमात्यांचें येथें एकमत आहे.

दारूवर नजर ठेवल्यानें केवढें काम होतें, याचा एक दाखला आमच्या जिल्ह्याच्या ठाण्यांतच घडलेला आहे. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील भुईकोट किल्ल्यास १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद यानें वेढा घातला. मोगलांनीं तटाखालीं सुरुंग खणून त्यांत दारू ठासली. ही बातमी किल्ल्यांतील लोकांस फुटली, आणि त्यांनीं रात्रींतून आंतल्या बाजूनें खणत जाऊन दोन सुरुंगांतील दारू काढून टाकली. पुढच्या सुरुंगाचें काम चाललें असतां मोगलांनीं बत्ती दिली व तटाचा मोठा भाग कोसळला. परंतु चांदबिबीनें स्वतः हातांत तरवार घेऊन तें खिंडार लढविलें आणि रात्रींत भिंत पुन्हा उभी केली. या प्रसंगीं चांदबिबीच्या शौर्याचें वर्णन सर्व करतात. परंतु अंधारांत हातांनीं दारू उपसणारीं जीं निनांवी माणसें होतीं, त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. त्यांनीं त्या दोन सुरुंगांजवळ हयगय केली असती, तर राणीच्या शौर्यास उभें राहावयास तटहि उरला नसता.

तात्पर्य, दारू व विस्तव यांविषयींचें ज्ञान आपणांस इंग्रजांनीं आणून दिलें असें नाहीं. त्यांनीं त्याला कायद्याचें रूप दिलें. स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ चा, पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा. दुसरें महायुद्ध पेटलें तेव्हां मुंबई बंदरास असल्या नियमांची उणीव मुळींच नव्हती. असें असतांहि या देशांतील बंदरांत झालेला सर्वांत भयंकर स्फोट मुंबईच्याच गोदींत व्हावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. त्या दिवसाची हकीकत आम्ही जरा विस्तारानें देतों. कारण तींत एकहि पाऊल असें नाहीं कीं जें कोणास टाळतां आलें नसतें.

'फोर्ट स्टिकिन' नांवाचें सुमारें सात हजार टनांचें मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघालें. कॅनडांत १९४२ मध्यें बांधलेलें हें जहाज युद्धसामुग्री घेऊन येत होतें. तोफगोळे, सुरुंग, पाणतीर व इतर स्फोटकें मिळून सुमारें १,४०० टन दारूगोळा त्यावर होता. शिवाय लढाऊ विमानें होतीं, आणि सुमारें नऊ लाख पौंडांच्या सोन्याच्या विटा होत्या. जिब्राल्टर, पोर्ट सैदवरून तें कराचीस आलें. तेथें कांहीं माल उतरला व रिकाम्या जागेंत दुसरा भरण्यांत आला: कापसाच्या गांसड्या, वंगणाच्या तेलाचीं पिंपें, लाकूड, मोडीचें लोखंड. पंजाब आणि सिंध येथील कापूस आगगाडीनें मुंबईस नेण्यास त्या वेळीं बंदी होती, म्हणून व्यापाऱ्यांस समुद्राची वाट धरणें भाग होतें. दारूगोळ्याच्या संगतीस कापूस आणि तेल! कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यानें या मिश्रणाबद्दल आपली नापसंती नोंदविली होती. परंतु युद्धाच्या दिवसांत जहाजाची जागा सोन्याच्या मोलाची. ती रिकामी कशी ठेवावी? नापसंती कागदावर राहिली आणि कापूस जहाजांत गेला. दोन क्रमांकाच्या कोठारांत तळाशीं गांसड्या आणि वर स्फोटकें, अशी ती रचना होती. चिपळूणच्या पत्रांतील गंजी आणि अमात्यांचा दारूखाना हीं दोन्हीं येथें एकाच कोठारांत मांडलीं गेलीं.

१२ एप्रिल रोजीं जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत धक्क्यास लागलें. शांततेच्या काळांत असा माल गोदीबाहेर खोल पाण्यांतच उतरविण्याचा शिरस्ता होता. युद्धाच्या घाईंत तो सैल करण्यांत आला होता. जहाजावर स्फोटकें आहेत हें दाखविणारा लाल बावटा चढविलेला नव्हता. त्यामुळें शेजारच्या जहाजांस, धक्क्यावरील हमालांस, कोणासहि आपण कशाच्या शेजारीं उभे आहों याची कल्पना नव्हती. धोक्याचा माल आधीं उतरावयाचा, तो तसाच राहिला व इतर माल उतरूं लागला. असे दोन दिवस गेले.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारच्या जेवणाच्या सुटींत, साडेबाराच्या सुमारास, आसपासच्या जहाजांवरील कांहीं माणसांस 'फोर्ट स्टिकिन'च्या हवेच्या नळ्यांतून धूर निघतांना दिसला. त्यांनीं तो पाहिला; आणि ज्यांचें जहाज आहे ते पाहून घेतील अशा समजुतीनें कोणीं कांहीं केलें नाहीं. आमच्या मतें त्या दिवसांतील सर्वांत मोठी हयगय हीच. ज्यांनीं धूर पाहिला तीं माणसें निष्काळजी नव्हतीं, दर्यावर्दी होतीं, आगीचें भय जाणणारीं होतीं. परंतु आग दुसऱ्याच्या घरांत असली कीं शहाण्या माणसाच्याहि तोंडांत 'मला काय त्याचें' हा शब्द येतो. कामगार सुटीवरून परतले, तेव्हां खुद्द जहाजावर ओरड झाली. आग नेमकी कोठें आहे हें दाट धुरामुळें दिसेना. मुंबईच्या बंबांस वर्दी पोहोंचली ती उशिरां, आणि जहाजांत काय भरलें आहे हें त्यांना कळलें तें त्याहूनहि उशिरां.

यानंतरचे सुमारें दोन तास हे त्या प्रकरणाचें मर्म आहे. जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, दारूगोळ्याचा जाणकार लष्करी अंमलदार होता, बंबांचे प्रमुख होते. प्रत्येकजण आपापल्या परीनें योग्य तेंच सांगत होता. जहाज तेथेंच बुडवावें, असें एकाचें मत. गोदींतलें पाणी त्यास पुरेसें खोल नाहीं, असें दुसऱ्याचें. पाणी मारून आग विझेल, अशी तिसऱ्याची आशा. परंतु या सर्वांवर ज्याचा हुकूम चालेल असा माणूस कोण, हें कोणास ठाऊक नव्हतें. कोठार बंद करून आंत वाफ सोडण्याचा जो उपाय, तोहि झाला नाहीं. नऊशें टनांवर पाणी जहाजांत ओतलें गेलें. खालीं पेटलेला कापूस त्या पाण्यावर तरंगून वरच्या स्फोटकांकडे चढूं लागला. आंतलें पाणी उकळूं लागलें. जहाजाच्या पोलादी अंगावरील रंग फोड येऊन गळूं लागला. तरीहि बंबवाले हातांतील नळ न सोडतां उभे होते. तीन वाजून पन्नास मिनिटांनीं जहाज सोडण्याचा हुकूम झाला. आणि चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाच्या आंत मागच्या भागांतील दारूगोळ्याचा दुसरा, त्याहूनहि मोठा स्फोट झाला.

त्या हादऱ्याची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेंतील भूकंपमापकावर झाली. इतकेंच नव्हे, तर दूर सिमल्यासहि ती झाली. कित्येक मैलांवरच्या खिडक्यांच्या कांचा फुटल्या. जपान्यांचा हल्ला झाला असें समजून लोक रस्त्यावर धांवले. जळत्या कापसाचे गोळे आकाशांतून शेजारच्या जहाजांवर, मांडवीच्या वखारींवर, गरीबांच्या झोंपड्यांवर पडले. 'जलपद्म' नांवाचें मोठें जहाज पाण्याच्या लोटानें उचललें जाऊन धक्क्यावर आदळलें. दहा-अकरा जहाजें बुडालीं किंवा निकामी झालीं. मैलाहून अधिक अंतरावर राहाणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरांत सोन्याची एक वीट येऊन पडली, आणि त्यानें ती प्रामाणिकपणें सरकारांत नेऊन दिली. शिधावाटप सुरू होऊन वर्षहि झालें नव्हतें, अशा दिवसांत हजारों टन धान्य वखारींत जळालें. मृतांची संख्या सरकारी हिशेबानें सातशेंहून अधिक. कित्येकांच्या मतें हजारावर. बंबांवरील ६६ माणसें कर्तव्य करतांना मेलीं. कप्तान नेस्मिथहि त्यांतच गेला. आग काबूंत यावयास तीन दिवस लागले, आणि राडारोडा उपसून गोदी पुन्हा चालू करावयास सुमारें आठ हजार माणसें सात महिने खपलीं.

हें सर्व झालें तें मुंबईकरांनीं डोळ्यांनीं पाहिलें. पण छापून आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं जपान्यांच्या ताब्यांतील सायगांवच्या नभोवाणीनें तें जगास सांगितलें, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांस सविस्तर लिहिण्याची मोकळीक मिळाली ती मे महिन्यांत. युद्धांत गुप्तता हवी हें कोणीहि कबूल करील. परंतु ज्या गुप्ततेपायीं लाल बावटा चढला नाहीं, आणि ज्या गुप्ततेपायीं मेलेल्यांची बातमी दडली, ती एकाच वृत्तीचीं दोन रूपें आहेत. शत्रूस कळूं नये म्हणून जें झांकलें जातें, तें पुष्कळदां शत्रूस कळतेंच. न कळणारे राहातात ते शेजारी.

सरकारी चौकशी झाली. आग मुद्दाम लावल्याचा पुरावा मिळाला नाहीं. कोणातरी माणसाची बिडी अथवा सिगारेट कापसांत पडली असावी, हें कारण अधिक संभवनीय मानण्यांत आलें. चौकशीनें इतर दोषहि दाखविले: कापूस व स्फोटकें एका जागीं भरणें, बावटा न लावणें, स्फोटकें उतरविण्यास विलंब, बंबांस वर्दी देण्यास विलंब, वाफेचा उपयोग न करणें. परंतु लोकांच्या बोलण्यांत राहिलें तें काय? बिडी. आज त्या स्फोटाची गोष्ट कोणी सांगूं लागला कीं शेवट बहुधा बिडीवर होतो. ती बिडी ओढणारा कोण, तो जगला कीं मेला, मुळांत तो होता कीं नव्हता, हें कोणास ठाऊक नाहीं. आणि तो होता असें धरलें, तरी आपण कापसावर उभे आहों एवढेंच त्यास दिसत होतें. कापसाच्या वर काय रचलें आहे हें सांगणारा बावटा त्याच्या डोक्यावर नव्हता. त्याची चूक एका कोठारापुरती होती. ती शहराएवढी केली ती इतरांनीं.

येथें कोणी विचारील, मग लहान माणसाची कांहींच जबाबदारी नाहीं काय? आहे, आणि ती आम्ही नाकारीत नाहीं. ज्याच्या हातांत विस्तव आहे त्यानें तो सांभाळलाच पाहिजे. परंतु लक्षावधि हातांपैकीं एखादा हात केव्हां तरी चुकणार, हें धरूनच व्यवस्था करावी लागते. चिपळूणचें पत्र तमाखू बंद करा असें म्हणून थांबत नाहीं. तमाखू ओढणारा असणारच, उंदीर वात नेणारच, असें धरून पुढें जातें. जी व्यवस्था 'कोणी चुकणार नाहीं' या गृहीतावर उभी आहे, तिला व्यवस्था म्हणतां येणार नाहीं. ती नुसती आशा होय.

हा दोष आमच्याच देशाचा आहे असेंहि नाहीं. कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत ६ डिसेंबर १९१७ रोजीं 'माँ ब्लाँ' नांवाचें दारूगोळ्याचें जहाज दुसऱ्या जहाजाशीं टक्कर होऊन पेटलें. त्यावरहि धोक्याचा बावटा नव्हता. आग पाहाण्यास लोक किनाऱ्यावर व खिडक्यांशीं जमले, आणि स्फोटांत दोन हजारांच्या जवळपास माणसें मेलीं. लेबनॉनांतील बैरूत बंदरांत २,७५० टन अमोनियम नायट्रेट एका गोदामांत सहा वर्षें पडून राहिलें. त्याविषयीं या कचेरीनें त्या कचेरीस पत्रें लिहिलीं. आणि ४ ऑगस्ट २०२० रोजीं तें उडून दोनशेंहून अधिक लोक प्राणांस मुकले. तेथें ज्ञान नव्हतें असें कोण म्हणेल? ज्ञान फाइलींत होतें. आज्ञापत्रांतील हवालदार पंधरा दिवसांनीं स्वतः दारू पाहावयास जात असे. बैरुतांत सहा वर्षें पत्रें गेलीं, माणूस गेला नाहीं.

आपल्याकडे त्या १४ एप्रिलची आठवण म्हणून १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. व्याख्यानें होतात, बंबांचीं प्रात्यक्षिकें होतात, मुलें टाळ्या वाजवितात. हें चांगलेंच आहे. परंतु ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं, दिवाळीच्या दिवसांत, आमच्या नगरच्याच जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली, आणि करोनानें आजारी असलेले अकरा रुग्ण मरण पावले. त्याच वर्षाच्या जानेवारींत भंडाऱ्याच्या रुग्णालयांत दहा नवजात बालकें आगींत दगावलीं होतीं, आणि त्यानंतर राज्यांतील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे हुकूम सुटले होते. म्हणजे धूर जानेवारींतच दिसला होता. नगरच्या घटनेनंतर प्रथम अटक झाली ती त्या विभागाशीं संबंधित वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांस. कोणाचा अपराध किती, हें ठरविणें न्यायालयाचें काम; त्यांत आम्ही पडत नाहीं. आम्ही एवढेंच विचारतों कीं, चिपळूणचें तें पत्र आज कोणी लिहिलें, तर तें कोणाच्या नांवें लिहावें लागेल?

हा प्रश्न सरकारापुरता आहे असें समजून वाचकांनीं निश्चिंत होऊं नये. प्रत्येक घर ही एक लहानशी छावणीच असते, आणि तीं मोठ्या हातांचीं माणसें म्हणजे आपणच. मोलकरणीनें गॅस उघडा ठेवला म्हणून आपण रागावतों; पण जुनी झालेली नळी बदलावयाची आपण किती महिने पुढें ढकलली, हें आठवत नाहीं. पोरानें फटाका वेडावांकडा उडविला म्हणून त्यास मारतों. पण फटाक्यांची पिशवी देवघरांतील समईशेजारीं कोणीं ठेवली? पिकाच्या राखणीसाठीं परवान्याची बंदूक घरांत असते. ती भरलेली कीं रिकामी हें पाहिल्यावांचून खुंटीवर टांगणारा बाप असतो, आणि ती खेळतां खेळतां सुटते मुलाच्या हातून. बाटल्यांत पेट्रोल भरून विकणाऱ्या दुकानदाराची आपण निंदा करतों. पण रात्रीं गाडी अडली कीं त्याच्याच दाराशीं उभे राहातों, आणि बाटली ओततांना उजेड पुरेना म्हणून कोणी काडी ओढतो, त्याचा हात धरण्यास कोणी पुढें होत नाहीं. 'काय होतंय!' हा एक शब्द, 'आजवर झालें का?' हा दुसरा, आणि 'तें पाहातील' हा तिसरा. या तीन शब्दांनीं जितकीं घरें जाळलीं, तितकीं बिड्यांनीं जाळलीं नसतील.

विस्तवाचा गुण असा आहे कीं, तो उपकारहि लगेच करतो आणि अपकारहि लगेच करतो. राखणीचें फळ मात्र कधींच डोळ्यांस दिसत नाहीं. जी आग लागली नाहीं तिची बातमी होत नाहीं. ज्या अंमलदारानें कापूस दारूपासून दूर ठेवविला, त्याचा पुतळा कोणी उभारीत नाहीं. कारण त्यानें काय वांचविलें हें कोणास कळलेंच नाहीं. म्हणूनच हें काम कीर्तीच्या आशेनें होत नाहीं. तें संवयीनें आणि कर्तव्यबुद्धीनेंच होतें, आणि ज्याच्या हातीं अधिकार अधिक, त्यानें तें अधिक करावयाचें असतें.

राहात्याच्या त्या रानांतील कोप्या हंगाम संपतांच उठल्या. आतां तेथें नांगरलेलें रान आहे. तीन काळ्या दगडांखेरीज चुलीची खूण राहिलेली नाहीं. भोंवतीं शंभर कोप्या, मध्यें वाळलेलें पाचट, वर माघाचा वारा, आणि तरीहि त्या हंगामांत तेथें आग लागली नाहीं. त्याचें श्रेय कोणीं कोणास दिलें नाहीं. ज्या म्हातारीनें रोज रात्रीं राखेवर घमेलें पालथें घातलें, तिलाहि तें द्यावयाचें कोणास सुचलें नाहीं, आणि तिनें तें मागितलेंहि नसतें.